रिफिलवाला डिओ आणि भुसावळचा मे महिना

तापीकाठ:
परवा एका ताईंनी इथे लिहिलं होतं. फवाऱ्याचे डबे फेका, नैसर्गिक आणि रिफिल होणारा डिओ घ्या. डबी एकदाच ४९९ ला, मग दोन महिन्यांनी २९९ ची नवी वडी आत बसवायची. आणि शेवटी, "परवडत नाही म्हणणाऱ्यांना खरं तर सवयच बदलायची नसते." हे शेवटचं वाचून माझा चहा गार झाला, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, मी भुसावळचा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि माझी ड्युटी पत्र्याच्या शेडमध्ये. तुमच्या वडीत पहिलं नाव खोबरेल तेलाचं. ते २४ अंशांना वितळतं. आमच्याकडे २४ अंश दिवाळीनंतर पहाटे बघायला मिळतात.

तरी मी घेतला होता. सवय बदलायचीच होती म्हणून घेतला होता. सकाळी कपाटात उभा ठेवला, संध्याकाळी त्याच्या खालच्या तीन बनियनांवर तेल. उरलेला फ्रीजमध्ये कैरीच्या लोणच्याशेजारी ठेवून आठवडाभर लावला. चौथ्या दिवशी काखेत लाल चट्टे, हात खाली ठेवता येईना. डबीवर बारीक अक्षरात बेकिंग सोडा. बायको म्हणाली, भज्यात घालायचा तो तिथे कशाला चोळला?

आणि रिफिलचं कौतुक आम्हाला नको. माझी आजी किटली घेऊन घाण्यावर तेल आणायला जायची. वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा आमच्याकडे तीस वर्षं तूरडाळीला होता. तिला कुणी जागरूक ग्राहक म्हटलं नाही, चिंगूस म्हटलं.

मूळची जळगावकर:
ती ताई मीच. वाक्य टोचलं असेल तर टोचू दे, पण चुकीची वडी तुम्ही निवडलीत आणि राग माझ्यावर. घटक वाचायचे असतात हो. खोबरेल पहिलं आणि मेणाचं नाव शेवटी, तर ती वडी थंड गावासाठी. मधमाशीचं मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, त्याचं प्रमाण चांगलं असेल तर वडी उन्हाळ्यात मऊ पडेल, पण वाहणार नाही. सोड्याचा सामू (पीएच) आठच्या वर आणि कातडीचा पाचच्या आसपास, मग आग होणारच. ज्यात सोड्याऐवजी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं तो घ्यायचा. आणि आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचा.

फवाऱ्याच्या डब्यात दाबाला काय असतं माहीत आहे ना? ब्यूटेन, प्रोपेन. घरच्या सिलिंडरमधलाच गॅस. त्याचे पैसे देताना तुम्हाला आजी आठवत नाही.

आणि माझं माहेर जळगावातल्या पिंप्राळ्याचं आहे. ऊन मला शिकवू नका.

मेडिकलवाले काका, धुळे:
माझ्या काउंटरवर रोज हाच तमाशा. एक पोरगा "अॅल्युमिनियम-फ्री क्रिस्टल" मागायला आला. मोबाइलवर दाखवला, साडेतीनशे रुपये. मी म्हटलं, बाळा, ही तुरटी. दाढीनंतर तुझे आजोबा फिरवायचे ती. आणि तुरटी म्हणजे पोटॅशियम अॅल्युमिनियम सल्फेट. ज्याला भिऊन पळाला त्याच्याच घरी पाहुणा गेला. त्याला दहा रुपयांचा खडा दिला, तर म्हणे याला डबी नाही का?

एक गोष्ट दोघांनीही सांगितली नाही. डिओ घाम थांबवत नाही, फक्त वासावर काम करतो. घामाला मुळात फारसा वास नसतो, काखेतले जिवाणू तो खाऊन वास करतात. शर्ट कोरडा हवा असेल तर अॅल्युमिनियमचे क्षारच लागतात, ते घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतात. त्याने कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. उगाच घाबरवून वड्या विकू नका.

मूळची जळगावकर:
काका, मी कर्करोगाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. आणि मी काहीही विकत नाही.

पऱ्हाटी:
सगळे काखेत काय लावता ते सांगताय. अंगात काय घातलंय ते एकानेही सांगितलं नाही. पॉलिस्टर! २०१४ साली बेल्जियमच्या गेंट विद्यापीठाने २६ जणांना सायकली मारायला लावून त्यांचे टी-शर्ट हुंगले होते. पॉलिस्टरचा वास सुतीपेक्षा वाईट निघाला, वास करणारे काही जिवाणू त्यावर जास्त वाढतात. माझे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते. जन्मभर सुती बंडी, कधी वास आला नाही.

आज कापूस पिकवणारा मी स्वतः २५० रुपयांचा टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेला शर्ट घालून फवारणी करतो. का? तर २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० कागदावर होता, आणि ऑगस्ट २०२५ पासून डिसेंबरपर्यंत कापूस आयातीवरचा ११ टक्के कर माफ होता. व्यापारी ओलावा दाखवून काय देतो ते गावात येऊन विचारा. सुती शर्ट घेऊ कशातून?

तापीकाठ:
भाऊ, विषय डिओचा होता.

पऱ्हाटी:
विषय घामाचाच आहे. घाम माझा, शर्ट बाहेरचा, आणि वड्यांची शिकवणी पुण्याहून.

मूळची जळगावकर:
पुण्याचा काय संबंध? पोटापाण्यासाठी बाहेर पडले हा गुन्हा झाला का?

गिरणेचा वाळू:
कसाले इतलं डोकं चालावस भो? तुरटी घास नि झोप.

मास्तरीण:
गंमत चालली आहे, चालू द्या. मी रोज चोपड्याहून एसटीने जाते-येते. दांडी धरून दीड तास उभं राहिलं की शेजारच्याने काय लावलंय आणि काय लावलं नाही, सगळं कळतं. सुती सुती करणाऱ्या भाऊंनी एकदा सुती साडी धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून सकाळी सातची गाडी पकडून दाखवावी. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. सिंथेटिक साडी बादलीभर पाण्यात निघते आणि पंख्याखाली वाळते. म्हणून नेसते, हौस म्हणून नाही.

आठवीतल्या एका मुलीला पोरांनी वासावरून नाव ठेवलं. ती तीन दिवस शाळेत आली नाही. घरी गेले तर कळलं, गणवेशाचा जोड एकच, पॉलिस्टरचा, रात्री धुऊन सकाळी ओलाच घालते. तिला मी ४९९ ची डबी सांगू की सुती शर्ट? दुसरा जोड शिवून घेतला आणि आंघोळीनंतर काख कोरडी करून तुरटी लावायला सांगितली. आता येते. एवढंच सांगायचं होतं.

पऱ्हाटी:
मॅडम, खळीचं मान्य. कापसाच्या भावाचं मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

मूळची जळगावकर:
सवयीचं ते वाक्य मागे घेते. पण ज्यांच्या घरात महिन्याला दोन फवारे संपतात त्यांच्यासाठी माझं म्हणणं तसंच आहे, आणि असे इथे बरेच आहेत. तापीकाठ, फवारा किती लागतो तुम्हाला?

तापीकाठ:
दोन. पोराचा धरून तीन.

मूळची जळगावकर:
बघा.

तापीकाठ:
बघितलं. मेणवाली, बिनसोड्याची रिफिल परवाच मागवली होती, मुद्दाम सांगितलं नव्हतं. आज कुरिअरवाला आला. पुठ्ठ्याचा खोका, आत बुडबुड्यांचं प्लास्टिक दोन हात, त्यात चांदीचं पाकीट, त्यात वडी. वडी वितळली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण जुन्या डबीत बसत नाही. कंपनीने डबीचा आकार बदललाय म्हणे, नवी घ्या.

मेडिकलवाले काका, धुळे:
खडा दहा रुपये. डबीशिवाय.