पिच ठरलं का?

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

ब्रिस्बेनकर मंडळी, नमस्कार.
गणपतीला तीन आठवडे उरले. हॉल मिळाला, मूर्ती आमच्या गॅरेजमध्ये सुखरूप आहे, मोदकांसाठी सहा घरं तयार झाली आहेत. एकच राहिलंय. पिच ठरलं का? गेल्या वर्षीसारखी आयत्या वेळी फजिती नको. बुधवारपर्यंत कळवा.

प्रेषक: क्रिकेट समिती

ठरलं की! रविवारी दुपारी १ ते ५, कौन्सिलचं नेहमीचं मैदान. पिच सिंथेटिक आहे, काँक्रीटवर मॅट, तेव्हा स्पाइकचे बूट आणू नका. गॅबा समजून कोणी बाउन्सरची तयारीही करू नये. चेंडू टेनिसचाच आहे.

प्रेषक: खजिनदार

पिच तयार आहे, आठ स्लाइड. प्रायोजक दुसऱ्या स्लाइडनंतर फोन बघायला लागतात, म्हणून रक्कम तिसरीवरच टाकली आहे. आकडा तेवढा समितीने सांगावा.

प्रेषक: भजनवाल्या ताई

माझी काळी चार. पुरुषांना झेपणार नाही, हे आधीच सांगते.

प्रेषक: सचिव

अहो, मी आरतीचं विचारत होतो! मागच्या वर्षी इतक्या वरून सुरुवात झाली की दुसऱ्या कडव्याला निम्मे पुरुष नुसत्या टाळ्या वाजवत होते. विषयात ‘आरती’ लिहायचं राहिलं. चूक कबूल.

प्रेषक: भजनवाल्या ताई

सचिवसाहेब, चूक ‘आरती’ न लिहिण्याची नाही, ‘पिच’ लिहिण्याची आहे. पेटीवाले कधी ‘पिच काय’ विचारतात का? ‘पट्टी कोणती’ विचारतात. आणि दोन्ही एक नव्हेत. पिच म्हणजे कुठल्याही स्वराची उंची. पाश्चात्त्यांनी ती कंपनं मोजून बांधून टाकली. फ्रान्सने १८५९ मध्ये कायदाच केला की ए हा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांचा. पुढे १९३९ साली लंडनच्या बैठकीत ४४० ठरलं, आणि आज माझ्या फोनमधला ट्यूनरही त्या ४४० लाच चिकटून बसलेला असतो.

आपली पट्टी म्हणजे सा कुठे लावायचा ते, आणि ते गाणाऱ्याच्या गळ्यावर. माझा सा काळी चारला, आमच्या ह्यांचा काळी एकला, म्हणून कोणाचा बेसूर ठरत नाही. पेटी युरोपातून आली, पण तिच्या पट्ट्यांना आपण सी शार्प, जी शार्प म्हणत बसलो नाही. काळी एक, काळी चार, पांढरी पाच. डोळ्यांना दिसतं ते नाव.

प्रेषक: क्रिकेट समिती

ताई, ‘पट्टी ठरली का’ असं विचारलं असतंत तरी मी हेच उत्तर दिलं असतं. खेळपट्टी! २२ यार्ड लांब, १० फूट रुंद. आमची पट्टी तरी सगळ्यांना सारखी असते.

प्रेषक: वहिनी (निवृत्त इंग्रजी शिक्षिका)

वाचते आहे आणि हसते आहे. खरं तर इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग एकच झालं इतकंच. एक ‘पिच’ म्हणजे डांबराचा भाऊबंद, तो लॅटिन ‘पिक्स’ वरून आला. पिच ब्लॅक अंधार तो हाच, आणि क्युरी दांपत्याने ज्या काळ्या खनिजातून १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधले त्या पिचब्लेंडमधलाही हाच.

दुसरा ‘पिच’ म्हणजे रोवणं, ठोकणं, आणि मग फेकणं. तंबू पिच करतात. क्रिकेटमध्येही आधी स्टंप पिच करायचे, म्हणजे जमिनीत रोवायचे. त्यावरून मधल्या जमिनीला नाव पडलं. चेंडू टप्पा घेतो तेही पिच होणं. बेसबॉलवाल्यांनी फेकणं तेवढं उचललं. याच शब्दाला पुढे ‘किती उंच, कुठल्या पायरीवर’ असा अर्थ आला आणि तो गळ्यालाही लागला, छपराच्या उतारालाही. खजिनदारांचं पिच मात्र फेकण्यातलंच असावं, निदान मला ऐकताना तसं वाटतं.

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी

वहिनी, डांबराचा भाऊ आपल्या गावातच आहे! सेंट लुशियाला युनिव्हर्सिटी ऑफ क्वीन्सलँडमध्ये काचेखाली ठेवलाय. १९२७ मध्ये थॉमस पार्नेल यांनी नरसाळ्यात पिच ओतलं, १९३० मध्ये खालचं तोंड कापलं, आणि तेव्हापासून थेंब पडायची वाट बघणं चालू आहे. हातोडीने मारलं तर काचेसारखं फुटतं, पण आहे द्रवच, पाण्यापेक्षा सुमारे २३० अब्ज पट घट्ट. नववा थेंब २०१४ मध्ये सुटला. अनेक वर्षं हा प्रयोग सांभाळणाऱ्या जॉन मेनस्टोन यांना एकही थेंब पडताना बघायला मिळाला नाही. २००० साली कॅमेरा लावला होता, तर नेमका थेंब पडताना तो बंद पडला. मेनस्टोन २०१३ मध्ये गेले, नवव्या थेंबाच्या काही महिने आधी.

प्रेषक: क्रिकेट समिती

मेलबर्नला ड्रॉप-इन पिच असतं, बाहेर तयार करून मग मैदानात आणून बसवतात. आपल्याकडे पिच ड्रॉप. उगाच आठवलं.

प्रेषक: काका (पेटी)

मी रोज सकाळी एकदाच मेल बघतो, त्यामुळे उशीर. वहिनींनी सगळं सांगितलं, पण ज्या पिचवर माझी तीस वर्षं गेली ते राहिलं. भोसरीला टूलरूममध्ये होतो. तिथे पिच म्हणजे बोल्टच्या आट्याच्या, म्हणजे त्याच्यावरच्या पेचाच्या, एका शिरेपासून शेजारच्या शिरेपर्यंतचं अंतर. एम ८ चा साधा बोल्ट घ्या, पिच १.२५ मिलिमीटर. एक फेरा दिला की तेवढाच पुढे जाणार, तुम्ही कितीही जोर लावा. (दोन सुरुवातींचा आटा असेल तर एका फेऱ्यात दोन पिच जातो. नवीन पोरं इथेच फसायची.)

इंची लेथवर मिलिमीटरचा आटा कापायचा तर १२७ दात्यांचं गिअर लागतं. का, तर इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. ते गिअर कोण पळवतं यावर आमच्याकडे भांडणं व्हायची. सायकलच्या चेनचंही पिच अर्धा इंच, म्हणजे १२.७. तिथेही तेच १२७ हजर.

म्हणून मला विचाराल तर पिच म्हणजे एकसारख्या वस्तूंमधलं अंतर. याला ‘पट्टी’ म्हणून बघा, कारखान्यात कोणी स्केल आणून हातात देईल.

प्रेषक: विमानतळावरचा सभासद

काका, विमानात दोन्ही आहेत. नाक वर-खाली होतं तेही पिच, आणि प्रोपेलरचंही पिच. प्रोपेलरचं तर अगदी तुमच्या स्क्रूसारखं. लाकडात घुसतोय असं धरून एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते अंतर. हवा लाकडाइतकी घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी जातं.

पण तुम्हा सगळ्यांच्या कामाचं पिच म्हणजे सीट पिच. इकॉनॉमीत साधारण ३१ इंच. लोक समजतात की पायांना ३१ इंच जागा मिळते. नाही. तुमच्या सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं ते अंतर, म्हणजे पाठीची जाडीही त्यातच धरलेली. बोल्टची एक शीर ते दुसरी शीर, तसंच. पाठ पातळ केली की पिच तेच राहून गुडघ्याला थोडी जागा वाढते. जाडजूड गादीची सीट बघून खूश होऊ नका.

प्रेषक: युवा समिती

माझं मराठी चुकेल, सॉरी. स्टेजच्या मागे आपण एलईडी वॉल घेतली आहे, तिचं पिच ३.९ मिलिमीटर आहे. दोन दिव्यांच्या मधलं अंतर. काकांचंच पिच! आमच्याकडे असं म्हणतात की जितके मिलिमीटर, तितके मीटर लांब बसायचं. म्हणून पहिली खुर्ची चार मीटरवर ठेवा, नाहीतर आज्यांना बाप्पाऐवजी ठिपके दिसतील.

प्रेषक: काका (पेटी)

शाब्बास. मराठी अजिबात चुकलेलं नाही.

प्रेषक: भजनवाल्या ताई

हरले बाई. पण आपला शब्द तरी कुठे कमी आहे? मुलगा वरच्या पट्टीत बोलला तर आपण त्याला दटावतो. शेजारचे आजोबा पट्टीचे पोहणारे. शाळेत तळहातावर पट्टी, गुडघ्यावर पट्टी, घराला घरपट्टी. आडत्याने शेतकऱ्याच्या हातात ठेवली ती कांद्याची पट्टी. आणि खजिनदार, तुमच्या आठ स्लाइडना मराठी हवं असेल तर प्रायोजकांना पट्टी पढवणं! हा योगायोगच आहे, वहिनी रागावू नका. पट्टीचा आणि त्यांच्या पिचचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता आरती. बायका काळी चार, पुरुष काळी एक. काका, मधलं काहीतरी सांगा.

प्रेषक: काका (पेटी)

काळी दोन. बायकांना जरा खाली वाटेल, पुरुषांना जरा वर. सगळ्यांनी थोडी थोडी तक्रार केली म्हणजे बरोबर लागली असं मी समजतो. मी आधी सा धरून ठेवीन, तो ऐकल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. मागच्या वेळी कोणी सुरुवात केली ते मला माहीत आहे, नाव घेत नाही.

प्रेषक: सचिव

मागच्या वेळी मीच सुरुवात केली होती. काळी दोन पक्की. पट्टी ठरली, मंडळी! धन्यवाद.

प्रेषक: खजिनदार

पट्टी ठरली हे वाचून बरं वाटलं. आमच्या गावी जत्रेला घरटी काढतात त्या वर्गणीलाही पट्टीच म्हणतात. ती ३० डॉलर तर जुलैतच ठरली आहे. त्रेचाळीस घरांची अजून यायची आहे, शुक्रवारपर्यंत पाठवा.