शेवंतीला नुसता पाला, कळीचा पत्ता नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
पुण्यात राहते. इमारतीच्या गच्चीवर दहा-बारा कुंड्या आहेत, त्यातल्या तीन पिवळ्या शेवंतीच्या. चार वर्षांपूर्वी सासूबाईंनी साताऱ्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून काश्या (बुंध्याशी फुटणारी मुळांसकट पिल्लं) आणल्या, त्याच अजून वाढवतेय. एरवी दसऱ्याच्या सुमारास कळ्या धरतात आणि दिवाळीत दाराला घरचा हार. यंदा दिवाळी उलटली तरी दोन कुंड्यांत कळी औषधालाही नाही. पाला मात्र गुडघ्याच्या वर.

फुलं संपल्यावर चार बोटं ठेवून छाटली होती. जूनमध्ये काश्या सुट्या करून माती-शेणखत-वाळूत लावल्या. शेंडे दोनदा खुडले, शेवटचे गणपतीच्या आधी. मध्ये काळा मावा आला, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गेला. आणि हो, ऑगस्टमध्ये चमचाभर युरिया घातला, रागावू नका.

गंमत म्हणजे तिसरी कुंडी. अर्धमेली म्हणून टाकीमागे ढकलली होती, तिला मटाराएवढ्या कळ्या आल्यात! खत, माती सगळं तेच. गोगलगायींनी खाल्ल्या म्हणावं तर रात्री दहाला वर जाऊन मीच वेचते. जिन्यावर नवा दिवा लागल्यापासून टॉर्चसुद्धा लागत नाही.

काय चुकतंय?

प्रतिसाद १
युरिया! नत्र जास्त झालं की शेवंती पाल्यावरच जाते. आता खत बंद.

प्रतिसाद २
युरिया तिन्ही कुंड्यांना घातलाय ना? मग तिसरीला कळ्या कशा? ताई, तुमचा चोर तो दिवा आहे. शेवंतीला रात्र लांब झाल्याचं कळलं की ती कळी धरते. पुण्यात आत्ता सूर्यास्त ते सूर्योदय पावणेतेरा तास होतात, पण रात्रभर उजेड असेल तर तिच्या लेखी अजून उन्हाळाच चाललाय. हरितगृहवाले फुलं लांबवायला मुद्दाम रात्री दिवे लावतात. दिवा बंद करता येत नसेल तर संध्याकाळी सहाला कुंड्या झाका, सकाळी सातला उघडा. एकही रात्र चुकवू नका. दिवसा मात्र भरपूर ऊन हवं. तीन-चार आठवड्यांत कळ्या दिसाव्यात, फुलायला त्यापुढे महिना-दीड. आता शेंडे अजिबात खुडू नका.

धागाकर्ती
आत्ताच वर जाऊन आले. टाकीची सावली बरोबर तिसऱ्या कुंडीवर पडते, बाकी दोन्ही लख्ख उजेडात. चार महिने रोज रात्री तिथे उभी राहत होते मी! टीव्हीचा रिकामा खोका सापडलाय, त्यात एकच कुंडी मावते. दुसरीवर सासूबाईंची जुनी काळी घोंगडी, काठ्या रोवून. त्यांना अजून सांगितलेलं नाही.