गिलोटिन : दयेपोटी आलेलं यंत्र की कत्तलीची सोय?

कातळशिल्प
गिलोटिन, म्हणजे वरून पातं पाडून मान उडवणारं यंत्र, म्हटलं की फ्रेंच राज्यक्रांतीतला रक्तपातच डोळ्यांसमोर येतो. माझं मत वेगळं आहे. हे यंत्र माणुसकीपोटी आलं आणि तेवढं श्रेय त्याला मिळायला हवं.

आधी काय चालायचं ते बघा. फ्रान्समध्ये उमरावाला तलवार, सामान्याला फास, नाहीतर चाकाला बांधून हाडं मोडणं. राजाला चाकू मारणाऱ्या दामियांला १७५७ मध्ये भर चौकात चार घोडे लावून फाडलं. तलवारीचाही भरवसा नव्हता. पुदुच्चेरी इंग्रजांच्या हाती गेली म्हणून फ्रेंच सेनापती लालीला १७६६ मध्ये पॅरिसात मारलं, तेव्हा पहिला वार नीट बसलाच नाही.

डॉ. गिलोटँ १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत बोलायला उभे राहिले ते या पार्श्वभूमीवर. गुन्हा सारखा तर शिक्षाही सारखी, मग गुन्हेगार कुठल्याही घरचा असो, आणि मरण क्षणात यावं, एवढंच त्यांचं मागणं. मानेला जरासा गारवा जाणवेल, बस्स, असं ते म्हणाले होते. आराखडा शल्यवैद्य आंत्वान लुई यांचा. सरकारी सुताराने ५,६६० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) मागितले, म्हणून काम गेलं टोबियास श्मिटकडे. हा माणूस हार्प्सिकॉर्ड बनवणारा, म्हणजे वाद्यांचा कारागीर. बिसेत्र रुग्णालयात प्रेतांवर चाचणी झाली आणि २५ एप्रिल १७९२ ला पेलेतिए या दरोडेखोरावर पहिला प्रयोग. जमलेल्या गर्दीचा हिरमोड झाला, कारण बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं! माझ्या मते यंत्राच्या बाजूने याहून चांगली साक्ष नाही.

रानवारा
पण असं यंत्र तर आधीपासून होतं. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावात साडेतेरा पेन्सचा माल चोरला तरी पात्याखाली मान जायची, १६५० पर्यंत. चोरी जनावराची असेल तर पातं अडवणारी खुंटी ओढायची दोरी त्याच जनावराला बांधत, असं सोळाव्या शतकातलं वर्णन आहे. स्कॉटलंडात एडिंबराच्या संग्रहालयात ‘मेडन’ नावाचं असंच यंत्र उभं आहे, मी पाहिलंय. ओकचे दोन खांब, मध्ये पातं आणि त्याच्यावर शिशाचं ओझं. बाकी काही नाही. या दोन्ही ठिकाणी दयेचा संबंध कुठे आला? कापड चोरणाऱ्याला झटपट संपवायचं होतं.

उंबरठा
कातळशिल्प, तुमचा हेतूचा मुद्दा मान्य. गिलोटँ सज्जनच होते. पण त्याच काळातलं दुसरं एक टिपण वाचा. पॅरिसचा जल्लाद सांसों याने सरकारला लिहून दिलं की तलवारीने हे काम होणार नाही. प्रत्येक शिक्षेनंतर पातं बोथट होतं, धार लावावी लागते. आणि एकाच वेळी अनेकांना मारायचं असेल तर आधीच्यांचं रक्त बघून मागच्यांचा धीर सुटतो, ते स्थिर राहत नाहीत, मग वार चुकतो.

‘अनेकांना’ या शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. अजून यंत्र बनलेलं नाही, आणि रांगेचा विचार झालेला आहे. दोन वर्षांत ती रांग आलीच. राज्यक्रांतीतल्या दहशतीच्या काळात (१७९३-९४) फ्रान्सभर सुमारे १७ हजार लोकांना शिक्षा देऊन मारलं, त्यातले सुमारे २,६०० पॅरिसात. लाव्हाझिएसारखा रसायनशास्त्रज्ञ त्यात गेला. हाताने तलवार चालवून पॅरिसात हे जमलं असतं का? जल्लादच थकला असता. तो थकवा हीच एक आडकाठी होती आणि ती यंत्राने काढून टाकली.

कातळशिल्प
आडकाठी यंत्राने काढली हे मला पटत नाही. नांत शहरात क्रांती सरकारचा प्रतिनिधी कारिये याने त्याच काळात लोकांना होड्यांत कोंबून ल्वार नदीत बुडवलं. लियोंमध्ये तोफा लावल्या. म्हणजे ज्यांना मारायचंच होतं त्यांना गिलोटिनची वाट बघायची गरज पडली नाही. नाझी काळातला बर्लिनचा प्लोट्झेनझे तुरुंग घ्या. सप्टेंबर १९४३ मध्ये हवाई हल्ल्यात तिथल्या गिलोटिनची मोडतोड झाली. शिक्षा थांबल्या? ७ सप्टेंबरच्या रात्री १८६ जणांना आठ-आठच्या गटाने फासावर लटकवलं. दोष सत्तेचा आहे, लाकडाचा आणि लोखंडाचा नाही.

पाणपोई
हा वाद आपल्याकडेही चालूच आहे. १९८३ मध्ये दीना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची पद्धत वैध ठरवली, आणि २०२३ मध्ये पुन्हा तोच प्रश्न समोर आला : यापेक्षा कमी वेदनेची पद्धत आहे का? येरवडा आणि नागपूरच्या फाशीयार्डाबद्दल बोलतानाही आपण दोराच्या लांबीपाशीच अडकतो. मी शिक्षेच्या विरोधात नाही, पण एवढं नक्की वाटतं की वेदना मोजायची तर ती कुठून मोजायची हे आधी ठरवावं लागेल.

उंबरठा
पाणपोईंचा प्रश्न नेमका आहे. प्लोट्झेनझेचं उदाहरण बिनतोड आहे, कातळशिल्प, त्यावर मी माघार घेतो. पण गिलोटँच्या त्या ‘जरासा गारवा, बस्स’ या म्हणण्यावरची माझी हरकत सोडत नाही.

फ्रान्सने १९३९ मध्ये व्हर्सायला वाइडमान या खुन्याला चौकात मारल्यावर हे प्रकरण तुरुंगाच्या भिंतीआड नेलं. शेवटची शिक्षा १० सप्टेंबर १९७७ ला, मार्सेच्या बोमेत तुरुंगात, हमिदा जांदुबीला. मोनिक माबेली नावाच्या दंडाधिकारी तिथे हजर होत्या. त्याच दिवशी त्यांनी जे पाहिलं ते लिहून काढलं, आणि २०१३ मध्ये ते छापून आलं. जांदुबीचा एक पाय कृत्रिम होता. त्याला सिगारेट दिली, मग दुसरी. पेलाभर रम दिली, ती तो घोट घोट करून, वेळ लांबवत प्यायला. तिसरी सिगारेट मागितली तेव्हा ती नाकारली. सदऱ्याची कॉलर कात्रीने कापली. पातं पडताना बाईंनी तोंड फिरवलं होतं, त्यांना फक्त एक दबका आवाज ऐकू आला.

त्या सगळ्या वेळात पात्याने घेतलेला वेळ सेकंदाहून कमी.