फुकटच्या सॉफ्टवेअरवर मराठी पुस्तिका होत नाही म्हणे!

शाईचा_डाग: ‘स्क्रायबसमध्ये जोडाक्षरं फुटतात, मराठी पुस्तिका करायची तर विकतचंच सॉफ्टवेअर घ्या,’ हे बटरपेपरचं म्हणणं काल इथे पुन्हा वाचलं आणि राहवलं नाही. स्क्रायबस म्हणजे पुस्तकाची पानं मांडायचं फुकट सॉफ्टवेअर. जोडाक्षरांची तक्रार त्याच्या १.४ या आवृत्तीपुरती खरी होती. २०१७ साली आलेल्या १.५.३ पासून देवनागरी नीट बसते. २०२४ च्या जानेवारीत १.६ ही स्थिर आवृत्तीही आली. आमच्या वाचनालयाची ३२ पानी पुस्तिका मी त्यावरच केली. आकार ए-५, फाँट टिरो देवनागरी मराठी, कारण त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ मुद्दाम शोधून तपासले. एकही अक्षर मोडलं नाही.

बटरपेपर: अक्षरं बसली म्हणजे पुस्तिका झाली? बावीस वर्षं डीटीपी करतोय. गिऱ्हाईक रात्री नऊला प्रूफ आणतं, सकाळी छपाईच्या प्लेटला फाइल लागते. पेजमेकर हे जुनं पानं मांडायचं सॉफ्टवेअर आणि जुने फाँट, यांवर माझा हात न बघता चालतो. तुमच्या स्क्रायबसमध्ये छपाईच्या क्रमाने पानं लावायची सोयच नाही. ३२ शेजारी १, २ शेजारी ३१, हे कोण जुळवणार?

शाईचा_डाग: पीडीएफ काढायची, अ‍ॅडोबी रीडरमध्ये छापताना ‘बुकलेट’ निवडायचं. पाठपोट छपाई, कागद आखूड बाजूवर उलटतो ना ते बघायचं. ए-४ चे आठ कागद, मधोमध पिन. पानं चारच्या पटीत हवीत, बस. हजार प्रती असतील तर फर्मा, म्हणजे मोठ्या कागदावर पानांची मांडणी, प्रेसवालाच लावतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जुनी_पेटी: जुन्या फाँटचा विषय निघाला म्हणून लिहिते. बाबांच्या कविता २००३ साली अशाच टाइप करून घेतल्या होत्या. बाबा गेले. दुसरी आवृत्ती काढावी म्हणून सीडी उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कारण तो जुना फाँट नसेल तर मजकूर मराठी दिसतच नाही. ऑपरेटरचं दुकान बंद, फाँट कुठला ते कुणालाच ठाऊक नाही. छापील प्रत समोर ठेवून १४० कविता पुन्हा टाइप केल्या.

बटरपेपर: वाईट वाटलं, पण त्यात आमचा काय दोष? युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसेल अशी अक्षरांची पद्धत, पेजमेकरमध्ये चालतच नव्हतं. आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत की.

जुनी_पेटी: फाँटच माहीत नाही तर कन्व्हर्टर कुठला लावू? आणि २००३ चं राहू द्या. तुम्ही आजही तेच फाँट वापरता. हा मजकूर उद्या उघडणार नाही, हे गिऱ्हाइकाला सांगता का?

बटरपेपर: ताई, आवाज चढवू नका. पानामागे पैसे मिळतात, त्यावर घर चालतं. नवं शिकायला महिना घातला तर तो महिना कोण भरून देणार?

शाईचा_डाग: मग ‘वेळ नाही’ म्हणा. ‘होतच नाही’ म्हणू नका.

चौथी_प्लेट: मी प्रेसवर फाइली तपासतो. लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमधून आलेल्या पीडीएफमध्ये काळा रंग आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्याचा, असतो. तो चार प्लेटांत फुटला की बारीक अक्षराला रंगीत कड दिसते. स्क्रायबसमध्ये सीएमवायकेचा, म्हणजे छपाईच्या चार शायांमधला, शुद्ध काळा देता येतो, कापताना पांढरी कड राहू नये म्हणून कडेला ३ मिमी ब्लीडही सोडता येतं. तशी नीट केलेली फाइल मी डोळे झाकून घेतो.

बटरपेपर: ठीक आहे, अक्षरं फुटतात हे माझं म्हणणं मागे. बिनघाईची एखादी स्मरणिका आली तर करून बघेन. टेबलं, म्हणजे रकान्यांचे तक्ते, मात्र स्क्रायबसमध्ये वैतागवाणी आहेत, यावर मी हटणार नाही.

शाईचा_डाग: टेबलांबद्दल मान्य. मीही ती टाळली.

जुनी_पेटी: स्मरणिका कराल तेव्हा पीडीएफबरोबर युनिकोडमधला मजकूरही गिऱ्हाइकाच्या हाती द्या. न मागता द्या.