ग्रेट मिसेंडनमधील घरे आणि गावपण

‘लंडनला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या श्रीमंतांनी इंग्लंडमधील खेड्यांचे गावपण संपवले’ हे मत मला अपुरे वाटते. बकिंगहॅमशरमधील ग्रेट मिसेंडन या गावाला लंडनहून येणारी मेट्रोपोलिटन रेल्वे १८९२ सालीच पोहोचली. मात्र लंडनभोवतीचा राखीव हरितपट्टा आणि चिल्टर्न टेकड्यांचे संरक्षित निसर्गक्षेत्र यांमुळे तेथे नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे लंडनच्या मेरिलबोन स्थानकाला थेट गाडी असलेल्या या गावात मागणी वाढली तरी घरे त्या प्रमाणात वाढत नाहीत आणि किमती चढ्याच राहतात. तेथेच वाढलेल्या तरुणांना मग गाव सोडावे लागते. नव्या घरांना विरोध करण्यात, गंमत म्हणजे, बाहेरून येऊन स्थायिक झालेलेच अनेकदा पुढे असतात. पॅरिश कौन्सिल, म्हणजे गावपातळीवरील स्थानिक संस्था, अशा बांधकामांवर फक्त अभिप्राय देते. बांधकामाची परवानगी बकिंगहॅमशर कौन्सिलच्या हाती असते.