मदत हवी आहे: कर्मणी प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस यांचा गुंता मुलांना कसा सोडवून सांगू?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला मानेवाड्याकडे राहते. वस्तीतल्या नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. सध्या पॅसिव्ह व्हॉइस सुरू आहे आणि तिथे गाडी अडली आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

परीक्षेतलं 'चेंज द व्हॉइस' मुलांना जमतं. कर्म पुढे आणायचं, काळाप्रमाणे 'टू बी'चं रूप घालायचं, क्रियापदाचं तिसरं रूप लिहायचं, कर्त्याला 'बाय' लावून मागे न्यायचं. वाक्य दिलं की धडाधड बदलून देतात. पण त्यांतल्याच एका मुलीला सायकल चोरीला गेल्याचा अर्ज लिहायला दिला, तर तिने लिहिलं, 'माय सायकल स्टोल यस्टरडे.' म्हणजे सायकलनेच काहीतरी चोरलं! सूत्र पाठ आहे, पण ते कुठे वापरायचं हे कळलेलं नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. एका मुलाने विचारलं, "ताई, 'मुलाने संत्री तोडली' हा कर्मणी प्रयोग आहे ना? मग 'द बॉय पिक्ड द ऑरेंजेस' हे ॲक्टिव्ह काहून?" प्रश्न अगदी बरोबर आहे. शाळेत त्यांना सांगितलं आहे की ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. मराठीच्या तासाला ते शिकतात की क्रियापद कर्माप्रमाणे बदललं तर कर्मणी. 'मुलाने पेरू तोडला, मुलाने संत्री तोडली', म्हणजे कर्मणीच. मग तो गोंधळणार नाही तर काय होईल?

मला वाटतं, ही जोडीच मोडायला हवी. 'मुलाने' या शब्दाला 'ने' लागला तरी वाक्य मुलाबद्दलच आहे, तो जागेवरून हललेला नाही. इंग्रजी पॅसिव्हमध्ये कर्ता जागा सोडतो आणि बहुतेक वेळा वाक्यातूनच जातो. त्याच्या जवळचं मराठी म्हणजे 'संत्री तोडली गेली' किंवा 'संत्री तोडण्यात आली'. पण असं आपण घरी कुठे बोलतो? आपण सरळ कर्ता गाळतो. 'त्याला दवाखान्यात भरती केलं.' 'समोरचा रस्ता खोदून राहिले.' कोणी केलं, कोण खोदतंय, कोणी विचारतही नाही. ही वाक्यं इंग्रजीत 'ही वॉज ॲडमिटेड' आणि 'द रोड इज बीइंग डग अप' अशी पॅसिव्हमध्ये जातात. तर पॅसिव्हची सुरुवात अशा बिनकर्त्याच्या वाक्यांपासून केली आणि 'बदला' हा प्रकार नंतर आणला, तर चालेल का? कोणी असं शिकवून पाहिलं आहे का?

आणि 'इज मेड', 'इज बीइंग मेड', 'हॅज बीन मेड' यांतला फरक मुलांच्या डोक्यात कसा बसवावा? तिथेही सगळं एकमेकांत मिसळतं.

प्रतिसाद

ताई, तुमचा विचार योग्य दिशेने आहे. मी शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' हे समीकरण मुलांचं फार नुकसान करतं. कर्तरी-कर्मणी हा प्रश्न क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं याचा आहे. व्हॉइसचा प्रश्न वाक्याच्या पहिल्या खुर्चीवर कोण बसलंय याचा आहे. दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं फळ्यावर लिहून ठेवा.

काळांसाठी एकच वस्तू धरा आणि ती सोडू नका. आपल्याकडे उड्डाणपूल चांगला. पूल बांधून राहिले: 'द ब्रिज इज बीइंग बिल्ट.' बांधून झाला, आता उभा आहे: 'हॅज बीन बिल्ट.' मागच्या वर्षी बांधला: 'वॉज बिल्ट लास्ट इयर.' बांधणार आहेत: 'विल बी बिल्ट.' बांधायला पाहिजे: 'शुड बी बिल्ट.' 'बिल्ट' शेवटपर्यंत तसंच राहतं, काळ फक्त त्याच्या आधीच्या शब्दांत फिरतो. हे एकदा दिसलं की निम्मं ओझं उतरतं. आणि 'इज मेड' नेहमीच्या गोष्टीसाठी ठेवा: 'पेपर इज मेड फ्रॉम वूड.'

'बाय'बद्दलही सांगते. 'माय सायकल वॉज स्टोलन बाय अ थीफ' यात शेवटचे तीन शब्द फुकट आहेत, चोरी चोरच करतो. करणाराच सांगण्यासारखा असेल तेव्हा 'बाय' हवा: 'नागपूर वॉज फाउंडेड बाय बख्त बुलंद शाह.' इथे देवगडच्या गोंड राजाचं नाव हीच खरी माहिती आहे.

प्रतिसाद

वरच्या मॅडमशी सहमत. माझी भर एवढीच की मुलांना तयार पॅसिव्ह दाखवा, ते घरातच पडलेलं असतं. बर्डीच्या बाजारातून कपडे आणले की बिलाच्या तळाशी बघा, 'गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक' असं बऱ्याचदा छापलेलं असतं. एका ओळीत 'सोल्ड' आणि 'टेकन' अशी दोन तिसरी रूपं. मुलांना विचारा, परत कोण घेणार नाही? दुकानदार. मग त्याचं नाव का नाही? कारण नियम मालाबद्दल आहे. असे कागद मुलं स्वतः शोधून आणतात आणि मग वहीत चिकटवतात.

एक चूक मात्र खास लक्षात ठेवा: 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड.' 'अपघात झाला' मधल्या 'झाला'ला मुलं 'वॉज' समजतात. 'हॅपन', 'डाय', 'अराइव्ह', 'स्लीप' ही अकर्मक क्रियापदं आहेत. पुढे आणायला कर्मच नाही, म्हणून त्यांचं पॅसिव्ह होत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पुलाची वाक्यं उद्याच घेते. अजून एक विचारायचं राहिलं. सरावाला सगळीच वाक्यं पॅसिव्ह करायला लावतात. दीक्षाभूमीचं वाक्य आलं, 'डॉक्टर आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम ॲट नागपूर ऑन १४ ऑक्टोबर १९५६.' मुलांनी 'बुद्धिझम वॉज एम्ब्रेस्ड बाय डॉक्टर आंबेडकर' असं केलं. व्याकरणात चूक नाही, पण मला ते खटकलं. ज्या माणसाने तो निर्णय घेतला, त्यालाच वाक्यात मागे ढकलल्यासारखं वाटलं. हे मुलांना सांगावं का, की परीक्षेपुरतं चालू द्यावं?

प्रतिसाद

नक्की सांगा. परीक्षेत विचारलं तर लिहावंच लागेल, मार्क त्यालाच आहेत. पण वर्गात दोन्ही वाक्यं शेजारी लिहा आणि विचारा, कोणतं निबंधात घ्याल आणि का? नंतर 'द चिल्ड्रन वेअर गिव्हन बुक्स' आणि 'बुक्स वेअर गिव्हन टू द चिल्ड्रन' ही जोडी द्या. 'गिव्ह'ला दोन कर्मं असल्यामुळे दोन्ही बरोबर आहेत. बोलणं मुलांबद्दल चाललं असेल तर पहिलं, पुस्तकांचा हिशेब चालला असेल तर दुसरं.