वावरातले गुरुजी : तुमचे अनुभव लिहा

धागा काढणारी
विदर्भातली शेती म्हटलं की पेपरात कोणती बातमी येते ते आपल्याला पाठ आहे. इथे ती नको. नोकरी, नर्सरी, दुकान किंवा घरचं वावर, कशाच्याही निमित्ताने ज्यांची हयात शेतीत गेली आणि ज्यांनी जाता-येता गावातली पोरं-पोरी हाताशी धरली, त्यांच्याबद्दल लिहा. तुम्हीच तसे असाल तर संकोच नको. विनंत्या दोनच. कुणाचं खरं नाव टाकू नका, आणि "ते आम्हाला वडिलांसारखे" एवढ्यावर थांबू नका. काय शिकवलं, कसं शिकवलं, ते येऊ द्या.

पऱ्हाटीवाला (जि. यवतमाळ)
कृषी सहायक म्हणून लागलो तेव्हा सायकल होती. निवृत्त झालो तोवर निम्मं काम मोबाइलवर फोटो चढवायचं झालं होतं. मधल्या काळात पोरांना जे काही दिलं ते शेतीशाळेत. शेतीशाळा म्हणजे धुऱ्यावर सतरंजी टाकून भाषण, असा पुष्कळांचा समज आहे आणि पुष्कळ ठिकाणी होतंही तसंच. आमच्याकडे नियम होता, ज्याला बोलायचं आहे त्याने आधी बोंडं फोडायची.

कापसावरची गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही. बारीक असतानाच बोंडात शिरते, मागे भोक बुजून जातं, बोंड वरून हिरवंगार. फुलांत डोमकळी, म्हणजे न उमलता मिटून राहिलेलं फूल, दिसली तर अंदाज येतो, बोंडांचा मात्र फोडल्याशिवाय नाही. म्हणून वावरात आडवंतिडवं फिरायचं, 20 झाडांची 20 हिरवी बोंडं तोडायची आणि चाकूने उभी चिरायची. दोन बोंडांत जिवंत अळी सापडली की 10 टक्के झाले, मग फवारणीचं बोला. मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्याचंही गणित आहे, एका सापळ्यात रोज 8 पतंग, तेही सलग तीन रात्री.

एका सप्टेंबरात कॉलेज सोडून आलेला एक पोट्टा औषधाची बाटली घेऊनच शाळेला आला. शेजाऱ्याने मारलं म्हणून यालाही मारायचं होतं. म्हटलं, बाबू, आधी फोड. विसांत एक निघाली.

"एक तं हाये ना काका."
"दोन पाहिजे."
"अन् उद्या दोन झाल्या तं?"
"मंग उद्या मार."

त्याचा बाप धुऱ्यावर उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "साहेब, तुमचा पगार महिन्याले येते, आमचा वर्षातून एकदा." या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पोरगा मात्र दर आठवड्याला बोंडं फोडत राहिला, वहीत लिहीत राहिला. बाटली उघडावी लागलीच, पण शेजाऱ्याच्या बरीच नंतर. पुढे त्याचीच वही मी दुसऱ्या गावांत दाखवायचो. माझ्या तक्त्यापेक्षा पोरं तीच जास्त वाचत. फरदड, म्हणजे मोसम संपल्यावर कापसाची तीच झाडं राखून घेतलेलं जास्तीचं पीक, घेऊ नका, हे मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगितलं, त्याने एकदा सांगितलं आणि दोघा-तिघांनी डिसेंबरात पऱ्हाट्या उपटल्या.

बोंडअळीचा कहर झाला ते 2017 साल, आणि फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली तेही त्याच साली. पऱ्हाटी डोक्यावर गेलेली, हवा कोंडलेली, एकाच पंपात दोन-तीन औषधं, अंगात नुसती बनियन. त्यानंतर माझी शाळा फवारणीपासून सुरू व्हायची. वाऱ्याकडे पाठ ठेवा, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका. पोरं ऐकतात, बाप ऐकत नाहीत. म्हणून पोरांनाच सांगायचो, पूर्ण बाहीचा सदरा, रुमाल आणि चष्मा घेऊन बापासमोर उभं राहायचं, तो घालेस्तोवर पंप द्यायचा नाही.

रावेवाली (जि. बुलडाणा)
माझा अनुभव उलटा आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मी विद्यार्थिनी. सातव्या सत्रात 'रावे', म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. आम्ही गावाला शिकवायला गेलो, असं कागदावर होतं. ज्यांच्याकडे राहायला होतो त्या काकूंनी माझ्याआधीच्या कितीतरी तुकड्या घडवल्या होत्या. स्वतः शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या.

मी सोयाबीनची उगवण चाचणी करून दाखवली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे, वर दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो बियाणं, कमी उगवले तर त्या हिशेबाने वाढवायचं. काकू शांतपणे बघत होत्या. मग मला कोठीत नेलं. त्यांची चाचणी आधीच होऊन गेलेली, दोन वेगवेगळ्या पोत्यांची वेगवेगळी. म्हणाल्या, "पोतं आपटलं की गेलं. याले बाळंतिणीसारखं ठेवा लागते." आमच्या वहीत 'बियाण्याचं आवरण नाजूक असतं' एवढंच वाक्य होतं.

पेरणीचंही तसंच. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे मला पाठ. पहिल्या सरीनंतर आख्खं गाव तिफण काढून तयार, आणि काकू वावरात वीतभर उकरून माती मुठीत दाबून बघताहेत. "कोरडी हाये. जा, च्या ठेव." आज मी जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला आहे, नवी मुलं हाताखाली येतात. त्यांना पर्जन्यमापकाचा आकडा विचारते आणि लगेच विचारते, उकरून पाहिलंस का?

बांधीवरचा (ता. नागभीड)
आमच्याकडे कापूस नाही, धान. धानाचं वाण शोधणारे शेतकरी दादाजी खोब्रागडे आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. 'पटेल 3' धानाच्या बांधीत त्यांना वेगळी लोंबी दिसली, ती त्यांनी निवडून वाढवत नेली आणि 1980 च्या दशकात त्यातून 'एचएमटी' वाण आलं. नाव घड्याळावरून पडलं. 2018 साली ते गेले.

आमचे मास्तर शाळेत गणित शिकवायचे, घरी धान करायचे. धान निसवला, लोंब्या बाहेर पडल्या, की शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हाला बांधीत उभं करायचे, "इतरांसारखं नाही ते दाखवा." उंच ताट, लवकर निसवलेलं, कुसळ असलेलं. दाखवलं की "काऊन वेगळं?" हा प्रश्न यायचाच. मला नवं वाण काही सापडलं नाही, भेसळ मात्र पाटीभर सापडायची. त्यांचं बियाणं आमच्या मजुरीवर शुद्ध व्हायचं, हेही आता कळतं! पण एकसारख्या दिसणाऱ्या हिरव्यात फरक बघायची सवय लागली ती लागलीच.

पुण्यातला अमरावतीकर
सगळं छान आहे. पण इतक्या वर्षांत शिकवलेल्यांपैकी शेतीत राहिले किती? मी नाही राहिलो. माझ्या वर्गातलं कुणीच नाही.

बागवान (ता. वरुड)
दादा, बरोबर विचारलं. संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे आपली. सुटीत कॉलेजची पोरं येतात, जंबेरी लिंबाच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, संत्र्याचा डोळा बांधून कलम करायला शिकतात. वीतभराच्या खाली डोळा बांधला तर मी कलम फेकतो, पोरगं रुसलं तरी. डोळ्याची जागा मातीजवळ आली की डिंक्याला, म्हणजे बुंध्यातून डिंक गळणाऱ्या रोगाला, आमंत्रण.

राहिले किती म्हणता, तर थोडेच. एक जण सुरतला गेला, एक पोलिसात आहे. दोघांनी मात्र गावात झाडांच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीविरुद्धचा मोरचूद-चुन्याचा लेप, लावून द्यायचं काम धरलं, झाडामागे मजुरी घेतात. लोकांना वाटते चुना फासायचं काम, त्यात काय मोठं! पण 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र, आणि शेवटी चकचकीत लोखंडी खिळा बुडवून पाहायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवा. ही परीक्षा पोट्टे चुकवत नाहीत, म्हणून मोठे बागाईतदार त्यांनाच बोलावतात. सुरतवाला गेला याचं मला वाईट नाही वाटत. त्याच्या बापाची बाग तीनशे झाडांची अन् पाणी शंभराचं.

रावेवाली
मोरचूद लोखंडी बादलीत चालेल का? आमच्याकडे एकाने तसंच भिजवलंय.

बागवान
नाही ताई, प्लॅस्टिकची घ्या नाहीतर मातीचं भांडं. बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, पावसाळ्याच्या आधी एकदा अन् नंतर एकदा. सामान मे महिन्यातच आणून ठेवा, जूनमध्ये दुकानात उभं राहायला जागा नसते.